ज्ञानाची देवघेव आणि तिची जागा

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे वाढवून दिले आहे.)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



मेळाव्यात मास्तर उभा राहिला की तो अभ्यास, परीक्षा आणि शिस्त यांवरच बोलणार, असे आपण गृहीत धरून बसता. त्यात आपली चूक नाही. पण यंदा चिटणीससाहेबांनी मला सांगितले की, वर्गाबाहेर तुम्ही जे काही केले, त्यांतले एखादे सांगा. म्हणून मी आज एक वेगळाच विषय घेऊन उभा आहे. संग्रहालयांत काम करणाऱ्या माणसांनी आपले विचार आणि अनुभव एकमेकांना सांगावयाचे ठरवले, तर त्यासाठी इंटरनेटवरची कोणती जागा निवडावी?

आपण म्हणाल, "मास्तर, आमचा आणि संग्रहालयांचा संबंध काय? आमच्या मुलांना कुठे तिथे नोकरी लागणार आहे!" थोडा धीर धरा. हा प्रश्न दिसतो तेवढा परका नाही. ज्या घरात आजोबांच्या हातची कागदपत्रे ट्रंकेत पडून आहेत, ज्या गावात एक तरी जुने वाचनालय आहे आणि ज्या आईबापांच्या खिशात मोबाईल आहे, त्या सर्वांचा हा प्रश्न आहे. शिवाय या प्रकरणात एक चूक झाली आणि ती माझ्याच हातून झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे उपदेश मी कोणत्या अधिकाराने करतो आहे ते आपणांस कळेल.

गोष्ट २०१९ सालची आहे. आमच्या भागात पाच-सहा लहान संग्रह आहेत. कुठे वाचनालयाच्या माडीवर जुनी नाणी आणि हस्तलिखिते आहेत, कुठे महाविद्यालयाच्या एका खोलीत शिल्पांचे तुकडे आणि भुसा भरलेले प्राणी आहेत, तर कुठे एका हौशी गृहस्थाने घरातच भांडी, दिवे आणि अडकित्ते मांडून ठेवले आहेत. यांपैकी बहुतेक ठिकाणी क्युरेटर नाही. एखादा कारकून, एखादा ग्रंथपाल आणि एखादा शिपाई मिळून सगळे सांभाळतात. मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन तिथे जात असे, त्यामुळे ओळखी झाल्या. प्रत्येक ठिकाणी तीच रडगाणी ऐकली: लाकडी कपाटाला वाळवी लागली, पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, नाण्यावर हिरवे डाग पडले, काय करावे कळत नाही. गंमत अशी की, एका ठिकाणचा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी सुटलेला होता. पण दोघांची गाठ कधी पडलेली नव्हती.

शाळेत संगणकाचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्या मंडळींनी मला विचारले, "सर, आम्हांला एकत्र बोलता येईल असे काही करून द्या." मी फारसा विचार न करता म्हणालो, "मोबाईलवर एक गट करू. पाच मिनिटांचे काम!" खरोखरच पाच मिनिटांत गट तयार झाला. सर्वांनी माझे कौतुक केले आणि मीही ते आनंदाने स्वीकारले.

त्या गटात एक चाचा होते. एका वाचनालयाच्या संग्रहात शिपाई म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेली. शिक्षण सातवीपर्यंतचे. मोबाईलवर अक्षरे दाबणे त्यांना जमत नसे, म्हणून ते आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून पाठवीत. कपाटाच्या पायाला हात लावून आत वाळवी आहे की नाही ते कसे ओळखावे, कोणत्या भिंतीला ओल येते म्हणून कोणते कपाट जूनपूर्वी सरकवावे, भिजलेली पोथी कशी सुकवावी, असे एकेक. हे ज्ञान त्यांनी पुस्तकांत वाचले नव्हते. ते हाताने मिळवले होते.

पुढे त्या गटाचे जे झाले ते आपणांस ठाऊक आहे, कारण आपल्या सर्वांच्या गटांचे तेच होते. सकाळी सुप्रभात, सणाला शुभेच्छा, वाढदिवसाला केक, मध्येच कोणाची तरी भाकरी-भाजीची पाककृती. चाचांचे बोलणे त्या ढिगाखाली गेले.

२०२१ च्या जुलैत कोकणात महापूर आला. चिपळूण आणि महाड येथील हाहाकार आपण पाहिला किंवा ऐकला आहेच. आमच्या भागातही एका वाचनालयात पाणी शिरले. तेथील ताईंनी रात्री गटावर विचारले, "जुने दस्तऐवज भिजले आहेत, काय करू?" उत्तरे भराभर आली. कोणी म्हणाले उन्हात घाला, कोणी म्हणाले इस्त्री फिरवा. चाचांनी दीड वर्षापूर्वी याच गोष्टीवर सविस्तर सांगून ठेवले होते. पण ते हजारो निरोपांत कोणालाच सापडले नाही आणि खुद्द चाचांचा मोबाईल त्या रात्री विजेअभावी बंद होता. सकाळी ऊन पडले. ताईंनी बिचाऱ्यांनी कागद गच्चीवर पसरले. काही वाकडे-तिकडे होऊन कडक झाले, काही एकमेकांना असे चिकटले की पुन्हा सुटले नाहीत.

ओला कागद उन्हात टाकावयाचा नसतो. तो सावलीत, वाहत्या हवेत, पंखा लावून सुकवावा. पानांमध्ये टिपकागद घालावा आणि तो ओला झाला की बदलत राहावा. गुळगुळीत पाने सुकून चिकटण्यापूर्वीच हलक्या हाताने अलग करावीत. हे सर्व लवकर करावे, कारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. कागद फारच असतील तर ते गोठवून ठेवतात आणि मग थोडे थोडे काढून सुकवतात. वाचकहो, हे एवढे चार-पाच वाक्यांचे ज्ञान आमच्याकडे होते. फक्त ते जिथे ठेवले होते, तिथून काढता आले नाही.

नंतर चाचा भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "मास्तर, मी तर सांगून ठेवलं होतं. कोणी ऐकलं नाही का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र उत्तर देता आले नाही. गट चांगला की वाईट हा मुद्दा नव्हता. तातडीचा निरोप देण्यासाठी तो उत्तमच आहे. पण निरोपाची पेटी आणि ज्ञानाची कोठी या दोन गोष्टी मी एकच समजलो, ही माझी चूक.

त्या चुकीनंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. संग्रहालयांतील माणसांनी एकत्र येऊन बोलावे, ही कल्पना नवी नाही असे दिसले. इंग्लंडमध्ये १८८९ साली संग्रहालयांची संघटना स्थापन झाली. आपल्या देशात म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४४ साली निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, जगातील संग्रहालयांची परिषद पॅरिस येथे स्थापन झाली. तिला 'आयकॉम' म्हणतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते. परिषदा भरत, नियतकालिके निघत. पण परिषदेला कोण जाणार? ज्याला प्रवासभत्ता मिळतो तो. नियतकालिक कोण वाचणार? ज्याच्या टेबलावर ते येते तो. चाचांच्या टेबलावर नाही, कारण चाचांना टेबलच नव्हते.

संगणक आल्यावर हे अंतर कमी होण्याची शक्यता निर्माण झाली. १९८७ साली, ईमेल हा शब्द आपल्याकडे कोणी ऐकलाही नव्हता तेव्हा, अमेरिकेत वॉल्टर हेन्री नावाच्या एका संरक्षणतज्ज्ञाने जुन्या वस्तू, ग्रंथ आणि कागद सांभाळणाऱ्यांसाठी ईमेलवरून प्रश्नोत्तरांची सोय सुरू केली. एखाद्याने विचारावे, जाणत्याने उत्तर द्यावे आणि हेन्री यांनी ते सगळे नीट लावून सर्वांना पाठवावे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा तिला आधार होता. ही सोय वर्षानुवर्षे टिकली. ती का टिकली, याचा विचार करता करता मला काही प्रश्न सुचले. कोणतीही सामायिक जागा निवडण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत, असे माझे मत झाले आहे. ते एकेक करून मांडतो.

पहिला प्रश्न: ठेवलेली गोष्ट पुन्हा सापडते काय?

दुकानदार मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावतो, कारण गिऱ्हाईक उभे असताना त्याला शोधत बसावयाचे नसते. तसेच इथे. 'कागद', 'लाकूड', 'नाणी', 'कापड', 'पूर आणि आग' असे विषयवार कप्पे हवेत आणि दहा वर्षांपूर्वीचे उत्तरही एक शब्द टाकताच पुढे यावयास हवे. जिथे नवा निरोप जुन्याला खाली ढकलतो आणि जुना कायमचा दृष्टीआड होतो, तिथे गप्पा होतील, ज्ञान साठणार नाही. बोललेले ज्ञान असेल तर ते कोणीतरी लिहून काढलेही पाहिजे.

दुसरा प्रश्न: जागेचा मालक कोण, आणि उद्या त्याने दुकान बंद केले तर?

आपल्यापैकी तरुण पालकांना ऑर्कुट आठवत असेल. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी सर्वसामान्य लोकांसाठी बंद झाले. याहू ग्रुप्सवर जगभरातील कितीतरी मंडळांची वर्षानुवर्षांची चर्चा साठलेली होती. तेही डिसेंबर २०२० मध्ये संपले. या कंपन्या लबाड होत्या असे मी म्हणत नाही. धंदा परवडला नाही की कोणीही दुकान आवरतो. पण भाड्याच्या जागेत घर बांधू नये, हे आपल्या वाडवडिलांना समजत होते, ते आपल्याला का समजू नये?

याउलट त्या १९८७ च्या सोयीचे पाहा. २००९ साली तिला स्टॅनफर्डमधील आपली जागा सोडावी लागली. पण तोपर्यंतचे सारे लिखाण एकत्र, नीट लावलेले आणि उचलून नेता येईल असे होते. अमेरिकेतील संरक्षणतज्ज्ञांच्या संघटनेने ते आपल्याकडे घेतले आणि जुने लिखाण आजही वाचावयास मिळते. म्हणून जागा निवडताना विचारावे की, आमचे सामान आम्हांला एकत्र बाहेर काढता येईल काय? उत्तर 'नाही' असेल तर ती जागा कितीही चकचकीत असो, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' एवढीच तिची किंमत.

तिसरा प्रश्न: दार कोणाकोणासाठी उघडे आहे?

संग्रहालयात सगळ्यांत जास्त वेळ वस्तूंजवळ कोण असतो? संचालक नव्हे, रखवालदार. पेटीच्या काचेवर आतून वाफ धरू लागली हे त्याला आधी दिसते. म्हणून ज्या जागेत इंग्रजीशिवाय चालत नाही, जिथे महागडा मोबाईल लागतो, जिथे दरमहा वर्गणी भरावी लागते, ती जागा या कामास निरुपयोगी समजावी. मराठी, हिंदी, उर्दू, ज्याला जी येते तीत त्याने सांगावे. लिहिता येत नसेल त्याने बोलावे आणि दुसऱ्याने ते लिहून काढावे.

सर्वांना विचारात न घेतल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण खुद्द आयकॉमचेच आहे. 'संग्रहालय म्हणजे काय' याची नवी व्याख्या २०१९ साली जपानमधील क्योटो येथे मतदानास आली. पण आमचे म्हणणे पुरेसे ऐकले गेले नाही अशी अनेक देशांच्या प्रतिनिधींची तक्रार होती आणि सुमारे ७० टक्के मतांनी तो निर्णयच पुढे ढकलला गेला. मग दीड वर्षभर १२६ देशांतील समित्यांशी टप्प्याटप्प्याने विचारविनिमय झाला आणि २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे नवी व्याख्या ९२ टक्क्यांहून अधिक मतांनी मान्य झाली. विचारण्याची पद्धत बदलताच निकाल बदलला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चौथा प्रश्न: इथे चूक कबूल करता येते काय?

यशाच्या गोष्टी सांगावयास सर्वांनाच आवडते. पण दुसऱ्याचे नुकसान टळते ते आपल्या चुकीची गोष्ट सांगितल्याने. १९५० नंतरच्या दशकात जुन्या वस्तूंवरील सुटणारे पापुद्रे धरून ठेवण्यासाठी विरघळणाऱ्या नायलॉनचा लेप देण्याची पद्धत निघाली. पुढे लागेल तेव्हा तो लेप पुन्हा विरघळवून काढता येईल, असा विश्वास होता. कित्येक संग्रहालयांनी तो वापरला. काही वर्षांनी दिसून आले की, लेप सहजी निघत नाही आणि वर धूळही धरतो. १९८१ साली कॅथरिन सीझ यांनी या लेपाच्या वापराविरुद्ध एका नियतकालिकात स्पष्टपणे लिहिले. ज्यांनी ज्यांनी आपला वाईट अनुभव लपवून न ठेवता सांगितला, त्यांच्यामुळे पुढच्या वस्तू वाचल्या.

आणखी जवळचे उदाहरण देतो. जुन्या काळी भुसा भरलेल्या प्राण्यांच्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल लावीत असत. सोमल हे विष आहे. ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो हातमोजे घालतो. ज्याला कोणी सांगितलेच नाही तो उघड्या हाताने धूळ पुसतो आणि त्याच हाताने डबा खातो. इथे ज्ञान न सांगणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणे होय.

म्हणून ज्या ठिकाणी प्रश्न विचारणाऱ्याला हसतात किंवा वरिष्ठ नाराज होतील या भीतीने कनिष्ठ गप्प बसतात, ती जागा बदलावी किंवा तिची रीत बदलावी.

पाचवा प्रश्न: काय सांगावयाचे नाही, हे ठरले आहे काय?

मोकळेपणा याचा अर्थ सर्व कुलपे उघडी टाकणे असा नव्हे. हैदराबादच्या निजाम संग्रहालयातून सप्टेंबर २०१८ मध्ये चोरांनी सोन्याचा डबा पळवला होता. पोलिसांनी तो परत मिळवला ही नशिबाची गोष्ट. मौल्यवान वस्तू कोणत्या खोलीत आहे, कॅमेरे कुठे आहेत, रात्री पहारा किती जणांचा असतो, हे सर्वांसमोर कधीही लिहू नये. वस्तू देणाऱ्या कुटुंबाचा पत्ता आणि घरगुती माहितीही नको. कपाट कसे स्वच्छ करावे ते जगाला सांगा. कपाटाची चावी कुठे असते ते सांगू नका.

सहावा आणि शेवटचा प्रश्न: झाडू कोण मारणार?

मशीद असो, शाळा असो की सार्वजनिक विहीर असो, जी जागा सर्वांची असते ती झाडण्याचे काम कोणाचेच नसते, असा आपला अनुभव आहे. हेन्री यांची सोय टिकली, कारण एक माणूस रोज बसून आलेले प्रश्न वाचत होता, लावत होता आणि पुढे पाठवत होता. यंत्र हे काम पूर्णपणे करीत नाही. तेव्हा जागा निवडण्यापूर्वी माणूस निवडा, नाहीतर उत्तम जागेचाही उकिरडा होतो.

आता आम्ही काय ठरवले ते सांगतो. २०२२ साली ती सर्व मंडळी पुन्हा बसली. या वेळी पाच मिनिटे नव्हे, तीन रविवार लागले. प्रथम कोणीतरी सुचवले की, सरकारनेच अशी सोय केलेली असेल, तिथेच जाऊ. ती सूचना योग्य होती. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 'जतन' नावाची आज्ञावली संग्रहालयांसाठी तयार केली आहे. तिच्या आधारे दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय अशा मोठ्या संग्रहांतील वस्तूंची छायाचित्रे आणि माहिती लोकांना घरबसल्या पाहता येते. हे फार मोलाचे काम आहे आणि ते पुण्यात झाले याचा आपल्याला अभिमान वाटावा. परंतु ती वस्तूंची नोंदवही आहे. आम्हांला हवी होती माणसांच्या अनुभवांची नोंदवही. या दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण त्या निरनिराळ्या आहेत, हे कळण्यातच आमचा पहिला रविवार गेला.

मग ज्या आज्ञावली कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत आणि कोणालाही आपल्या जागेवर फुकट बसवता येतात, त्यांचा विचार केला. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो, ती अशीच मुक्त आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून तिच्यावरच चालू आहे. डिस्कोर्स ही चर्चेसाठीची आज्ञावलीही तशीच मुक्त. आम्ही दोन भाग केले. एका भागात प्रश्न विचारावयाचा आणि चर्चा करावयाची. चर्चेतून जे खात्रीचे ठरेल ते दुसऱ्या भागात, विषयवार, सोप्या मराठीत पानावर लिहावयाचे. पानाखाली ते कोणाच्या अनुभवावरून लिहिले ते नाव. इंटरनेटवरील जागेचे भाडे वर्षाला जे काही द्यावे लागते, ते पाचही ठिकाणांनी वाटून घ्यावयाचे. मोबाईलवरचा गट मोडला नाही. तो फक्त तातडीच्या निरोपासाठी ठेवला. सुप्रभातला बंदी!

आणखी एक गोष्ट ग्रंथपाल ताईंनी सुचवली आणि ती मला सर्वांत शहाणपणाची वाटली. दर सहा महिन्यांनी सर्व पाने छापून, बांधून, तीन वेगवेगळ्या गावी ठेवावयाची. एका गावी पाणी शिरले तरी दुसऱ्या गावी प्रत राहील. ज्या बाईंचे कागद भिजले होते, त्यांनीच हे सुचवावे यात नवल नाही.

पण वाचकहो, इतके सारे करूनही पहिले दोन महिने ती जागा रिकामीच होती. जो तो दुसऱ्याने लिहावे म्हणून थांबला होता. लोकांना वाटे, आपले कसले ज्ञान! ज्याला आपण रोजचे काम समजतो, ते दुसऱ्याला शिकण्यासारखे असते, यावर माणसाचा विश्वासच बसत नाही. आणि काहींच्या मनात दुसरी भीती होती: मला जे येते ते सर्वांना सांगितले तर माझी किंमत काय उरणार? ही भीती फक्त शिपायांची नाही. आम्हा शिक्षकांचीही आहे आणि नोट्स लपवून ठेवणाऱ्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याचीही आहे.

तेव्हा मी आपल्या शाळेतील दहावी झालेले दोन विद्यार्थी घेऊन चाचांच्या घरी गेलो. ते तोवर निवृत्तीला आले होते. म्हटले, "चाचा, तुम्ही पुन्हा एकदा सांगा. ही मुले लिहून घेतील." चाचा म्हणाले, "आता काय उपयोग? कागद तर गेले." त्यावर मुलांपैकी एक म्हणाला, "चाचा, पुढच्या पावसाचे कागद अजून कोरडेच आहेत." त्याच्या या बोलण्यावर चाचा हसले आणि चहा ठेवावयास सांगितले. त्यानंतरचे कित्येक रविवार ती मुले त्यांच्या ओसरीवर बसली. आज त्या जागेवरील पहिली भरीव पाने चाचांच्या नावाची आहेत. ती आल्यावर इतरांचीही भीड चेपली.

मित्रांनो, विद्यार्थ्यांनी हे काम करावे यात काही जगावेगळे नाही. ब्राझीलची राजधानी एके काळी असलेल्या रिओ द जानेरो येथे २०० वर्षांचे जुने राष्ट्रीय संग्रहालय होते. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री त्याला आग लागली. तेथील सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेक जळून गेल्या. दुसऱ्या दिवशी अश्रू गाळणारे पुष्कळ होते. पण त्याच शहरातील संग्रहालयशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केले की, तुम्ही पूर्वी या संग्रहालयात काढलेली छायाचित्रे तुमच्याकडे असतील तर ती आम्हांला पाठवा. लोकांनी ती पाठवली. जळालेली वस्तू छायाचित्राने परत येत नाही. पण ती कशी होती, हे सांगणारे काहीतरी उरले. आग लागल्यानंतर त्यांनी जे केले, ते आपण आग लागण्यापूर्वी करू शकतो, एवढाच आपला फायदा.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आपल्या घरात एखादा सुतार, शिवणकाम करणारी आजी, होडी बांधणारे मामू, जुनी मोडी किंवा फारसी वाचणारे कोणी असतील, तर मुलाला महिन्यातून एक रविवार त्यांच्याजवळ वही घेऊन बसवा. तो वेळ अभ्यासातून गेला असे समजू नका. ऐकणे, समजणे, लिहिणे हाच अभ्यास आहे. ट्रंकेतील कागद पावसाळ्यापूर्वी एकदा काढून पाहा. त्यांची छायाचित्रे घ्या, पण ती एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका.

विद्यार्थ्यांना सांगणे असे की, तुमच्यापुढे दर वर्षी नवी नवी ॲप आणि नव्या नव्या जागा येतील. प्रत्येक जागा म्हणेल, मीच उत्तम. तेव्हा तिचा रंग आणि वेग पाहून भुलू नका. आज सांगितलेले सहा प्रश्न विचारा: सापडेल का, टिकेल का, सर्वांना येता येईल का, चूक सांगता येईल का, काय झाकावयाचे ते ठरले आहे का आणि झाडू कोण मारणार. मी हे प्रश्न २०१९ साली विचारले असते तर काही कागद वाचले असते.

गेल्या पावसाळ्यात एका संग्रहाच्या छपरातून पाणी गळून दोन जुन्या वह्या भिजल्या. तिथे नवीन लागलेल्या मुलीने आमच्या जागेवर 'ओला कागद' असे दोन शब्द टाकून पाहिले आणि चाचांचे पान तिच्यापुढे आले. तिने वह्या उन्हात टाकल्या नाहीत. त्या आज वाचता येतात. ती चाचांना कधी भेटलेली नाही.